बुडत्या नावेचा पत्ता

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जामच्या चौरस्त्यावर रात्री दोन वाजता एखादा ट्रक उलटला, तर मदत मागणाऱ्याला फार काही सांगावं लागत नाही. "जाम चौरस्ता, हिंगणघाटच्या बाजूला" एवढं म्हटलं की पुरतं. नागपूरहून येणारा रस्ता इथे फुटतो, एक हैदराबादकडे जातो आणि एक चंद्रपूरकडे, हे या मार्गावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतं. फोन करायला कोणी शुद्धीवर नसलं तरी ट्रकची नंबरप्लेट बोलते. एमएच-३२ दिसलं की गाडी वर्ध्याची. पुढचे आकडे आरटीओच्या दप्तरात पाहिले की मालकाचं नाव, गाव बाहेर येतं.

आता अशीच आपत्ती समुद्रात, किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटरवर ओढवली आहे अशी कल्पना करा. तिथे चौरस्ता नाही, मैलाचा दगड नाही, ढाबा नाही. मोबाइलची रेंज केव्हाच गेलेली. नावेचा नंबर तिच्या अंगावर ठळक रंगवलेला असतो, पण तो वाचायला जवळपास कोणी नसतं. नावेत पाणी भरतं आहे, आणि तांडेलाला जगाला दोनच गोष्टी कळवायच्या आहेत : मी कोण, आणि मी कुठे. या दोन प्रश्नांची उत्तरं संकटाच्या क्षणी आपोआप कशी पोचवायची, याची व्यवस्था जगाने गेल्या शंभर वर्षांत हळूहळू बसवली. त्या व्यवस्थेतला एक भाग यंत्राचा आहे. दुसरा भाग साध्या नोंदवहीचा आहे आणि दुर्लक्ष होतं ते त्याच्याकडे.

आमच्या जामचा तालुका समुद्रपूर. नावात समुद्र असला तरी शेकडो किलोमीटर गेल्याशिवाय इथल्या माणसाला खारं पाणी दिसत नाही. मग आपण या भानगडीत का पडावं, असं कोणी विचारील. पण समुद्रावर आता किनाऱ्यावरचीच माणसं जातात असं राहिलेलं नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' नावाचा बार्ज बुडाला, तेव्हा त्यावर २६१ माणसं होती. ही माणसं देशाच्या कानाकोपऱ्यातून कंत्राटी कामावर आलेली होती. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना बाहेर काढलं. आतल्या भागातली मुलंही आज जहाजांवर आणि तेलाच्या फलाटांवर कामाला जातात, आणि त्यांच्या घरच्यांना हा विषय ठाऊक असलेला बरा.

थोडं मागे जाऊ. १७ जुलै १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या चारच आठवडे आधी, 'रामदास' ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. अमावास्येचा दिवस होता आणि गावी निघालेल्या लोकांची गर्दी होती. काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि पाहता पाहता बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईपासून अंतर फार नव्हतं, तरी मुंबईला त्याचा पत्ता नव्हता, कारण बोटीवर बिनतारी संदेशयंत्रच नव्हतं. काहीजण पोहत किनाऱ्याला लागले, रेवसच्या कोळ्यांनी काहींना आपल्या होड्यांत घेतलं, आणि शहराला बातमी पोचेपर्यंत दुपार उलटून गेली होती. मुंबईतून एखादी लाँच तासाभरात निघाली असती तर किती जण वाचले असते, हा प्रश्न कोकणातल्या कितीतरी घरांत पुढे अनेक वर्षं विचारला गेला असेल.

म्हणजे पहिली गरज आवाज पोचवण्याची. ती रेडिओने भागवली. नावेवर जो संच असतो त्याला व्हीएचएफ म्हणतात. दिसायला तो पोलिसांच्या गाडीतल्या वायरलेससारखाच. त्याच्या सोळा नंबरच्या चॅनेलवर जगभरची जहाजं आणि किनारी केंद्रं कान लावून असतात. संकटात असलेला माणूस त्यावर "मेडे, मेडे, मेडे" असं तीनदा म्हणतो. या शब्दाचा १ मेशी काही संबंध नाही. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी १९२०च्या दशकात तो सुचवला. 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चाराशी तो जुळतो, आणि खरखरीतही स्पष्ट ऐकू येतो.

पण नुसत्या आवाजाची एक अडचण आहे. घाबरलेला माणूस ओरडतो, "आमची नाव बुडतेय, लवकर या," आणि कुठे ते सांगायचं राहून जातं. किंवा तो नाव सांगतो, समजा 'जयलक्ष्मी'. एकाच बंदरात चार जयलक्ष्मी असू शकतात. वारा, इंजिनाचा आवाज, दोन संच एकाच वेळी बोलल्यामुळे झालेला गोंधळ, यांत अर्धं वाक्य वाहून जातं. शिवाय ऐकणाराही माणूसच. त्याने नेमकं त्याच वेळी कान लावलेला असायला हवा. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडत असताना तिच्या सगळ्यांत जवळच्या जहाजांपैकी एक होतं 'कॅलिफोर्नियन', आणि त्यावरचा बिनतारी अधिकारी दिवसाचं काम संपवून झोपला होता. टायटॅनिकची हाक तिथे ऐकायला कोणी नव्हतं.

यावर तोडगा निघाला तो असा की, हाक माणसाने मारायच्या आधी यंत्राने मारावी आणि ती यंत्रानेच ऐकावी. सागरी संकटसंदेशांची ही नवी जागतिक पद्धत १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू झाली. नव्या व्हीएचएफ संचावर झाकणाखाली एक लाल बटण असतं. झाकण उचलून ते काही सेकंद दाबून धरलं की संच सत्तर नंबरच्या चॅनेलवर एक छोटा अंकी संदेश फेकतो. त्यात नावेचा ओळख क्रमांक असतो, आणि संचाला जीपीएस जोडलेलं असेल तर अक्षांश-रेखांश आणि वेळ. हे सारं क्षणार्धात होतं. आसपासच्या प्रत्येक जहाजावर आणि किनारी केंद्रावर कर्कश घंटा वाजते, पडद्यावर आकडे उमटतात. कोणी पोच देईपर्यंत संच दर चार मिनिटांच्या सुमारास तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. तांडेल पाणी उपसायला गेला तरी हाक चालू राहते.

हा ओळख क्रमांक म्हणजे आजच्या विषयाचा गाभा. त्याला एमएमएसआय म्हणतात. तो नऊ आकडी असतो. पहिले तीन आकडे देशाचे, भारताचे ४१९. एमएच-३२ वरून जसा वर्धा कळतो तसा ४१९ वरून भारत कळतो, मग संदेश मालदीवच्या केंद्राने पकडलेला असो की ओमानच्या. किनाऱ्यावरच्या केंद्रांचे क्रमांक दोन शून्यांनी सुरू होतात, शोधकार्यातल्या विमानांचे १११ ने. म्हणजे आकडा पाहूनच समोर जहाज आहे, केंद्र आहे की विमान आहे, याचा अंदाज बांधता येतो.

हा क्रमांक दुकानातून संचासोबत येत नाही, तो अर्ज करून मिळवावा लागतो आणि मग संचात भरावा लागतो. आपल्याकडे तो केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाकडून मिळतो, तर रेडिओ वापरण्याचा परवाना दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेकडून. क्रमांक न भरलेल्या संचाचं लाल बटण दाबलं तर संकटसंदेश जातच नाही. हे बुडतानाच कळणं फार महागात पडतं. संच हजारो रुपयांचा, चकचकीत, सोळा नंबरवर गप्पा मारायला उत्तम, पण ज्या एका कामासाठी घ्यायचा तेच तो करत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१०च्या आसपास आपल्याकडे आलेल्या अशा व्हीएचएफ संदेशांचा आढावा घेतला. सुमारे ९० टक्के संदेशांत ठिकाणच नव्हतं, म्हणजे जीपीएसची तार जोडलेलीच नव्हती, आणि सुमारे ६० टक्क्यांत नोंदणी झालेला क्रमांक नव्हता. तिथे ही गत असेल, तर आपण आपल्याकडच्या संचांविषयी निर्धास्त राहण्याचं कारण नाही.

आता समजा, क्रमांक आहे आणि संदेश पोचला. मुंबईत तटरक्षक दलाचं सागरी बचाव समन्वय केंद्र आहे. तिथल्या अधिकाऱ्यासमोर ४१९ ने सुरू होणारे नऊ आकडे आले. तो पहिलं काम करतो ते दप्तर उघडण्याचं. त्या क्रमांकापुढे काय लिहिलं आहे? नावेचं नाव, लांबी, रंग, लाकडी की फायबरची, किती माणसं मावतात, जीवरक्षक तराफा आहे की नाही, मालक कोण, आणि किनाऱ्यावर कोणाला फोन करायचा. यातली प्रत्येक गोष्ट शोधाची दिशा ठरवते. सहा मीटरची होडी शोधायची आणि वीस मीटरचा ट्रॉलर शोधायचा यांत विमानाच्या उंचीपासून फरक पडतो. सात माणसं होती हे माहीत असेल, तर सहा सापडल्यावर शोध थांबत नाही.

त्यातही सगळ्यांत मोलाचा असतो तो किनाऱ्यावरचा फोन नंबर. कारण जगभर अशा संकटसंकेतांपैकी बहुसंख्य खोटे निघतात. खोटे म्हणजे खोडसाळ नव्हेत. कोणी नाव धुताना उपकरणाला धक्का लावतो, कोणी बदललेलं जुनं यंत्र भंगारात टाकतो आणि ते तिथे ओरडू लागतं. नोंद नीट असेल तर एका फोनवर उलगडा होतो : "नाव धक्क्यालाच आहे साहेब, पोराने बटण दाबलं असेल." नोंद नसेल तर हेलिकॉप्टर उडवावं लागतं, आणि त्या वेळात दुसरीकडे खरोखर कोणी बुडत असेल तर त्याच्या वाट्याचं हेलिकॉप्टर गेलेलं असतं. उलटही होतं. फोनवर घरची बाई सांगते, "काल पहाटे गेलेत, पाच जण आहेत, दुपारपर्यंत यायचे होते." मग शंका उरत नाही, आणि शोध पूर्ण ताकदीनिशी सुरू होतो.

म्हणून नोंदणीच्या अर्जात संपर्कासाठी नाखव्याने स्वतःचा मोबाइल लिहिणं हा मला शुद्ध वेंधळेपणा वाटतो. तो मोबाइल नावेबरोबर समुद्रात असतो. तिथे घरी राहणाऱ्या, कोण कोण नावेवर गेलं हे ठाऊक असलेल्या माणसाचा नंबर हवा. शक्य तर दोघांचे हवेत.

दप्तर कुजतं ते मात्र बहुधा नंतर. नाव विकली जाते, तिच्यासोबत संच जातो, आणि संचासोबत क्रमांकही जातो. दप्तरात मात्र जुनाच मालक. बहुतेक संचांत क्रमांक एकदोनदाच भरता येतो, नंतर तो बदलायला संच कंपनीकडे किंवा विक्रेत्याकडे न्यावा लागतो. त्यामुळे जुना संच स्वस्तात घेणारा माणूस पुष्कळदा दुसऱ्याच नावेचं नाव घेऊन फिरत असतो. त्याने बटण दाबलं तर फोन जाईल तो दूरच्या बंदरातल्या एखाद्या घरी, आणि तिथला माणूस म्हणेल, "आमची नाव तर समोरच उभी आहे." त्यात आपल्याकडे दप्तरंही एकाहून अधिक आहेत. नावेची नोंद एका खात्यात, रेडिओचा परवाना दुसऱ्यात, क्रमांक तिसऱ्यात. एका ठिकाणी केलेला बदल दुसरीकडे आपोआप पोचेल असं धरून चालू नये. ही सगळी खिडक्यांची वाट एका खिडकीत आणावी ही मागणी रास्त आहे, पण ती पुरी होईपर्यंत चकरा मारणं मालकालाच भाग आहे.

व्हीएचएफची आणखी एक मर्यादा सांगायला हवी. त्याच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. बुटक्या होडीवरून बुटक्या होडीपर्यंत त्या जेमतेम काही सागरी मैल पोचतात, किनाऱ्यावरच्या उंच मनोऱ्यापर्यंत वीस-पंचवीस. (सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.) त्यापलीकडे उपग्रहाशी बोलणारं यंत्र लागतं. मोठ्या जहाजांवर त्यासाठी इपर्ब नावाचा एक डबा असतो. तो पाण्यात पडला की आपणहून संकेत सोडतो. जगभरचे असे संकेत उपग्रहांमार्फत पकडण्याची कॉस्पास-सारसॅट ही व्यवस्था अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी शीतयुद्धाच्या ऐन काळात मिळून उभारली, आणि १९८२ पासून ती माणसं वाचवते आहे. भारतातलं तिचं केंद्र इस्रोच्या बंगळूरच्या आवारात आहे, आणि आपल्याकडच्या डब्यांची नोंदही तिथेच ठेवली जाते.

याचं उदाहरण आपल्याच नौदलातलं आहे. 'म्हादेई' ही गोव्यात बांधलेली शिडाची नौका घेऊन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कुठेही न थांबता ती केली. हेच टॉमी सप्टेंबर २०१८ मध्ये एका जागतिक शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले. डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला, उठता येईना. ऑस्ट्रेलियाचा किनारा तिथून तीन हजार किलोमीटरहून दूर. त्यांच्या डब्याचा संकेत गेला, आणि तो कोणत्या नौकेचा, तिच्यावर कोण आहे, किती माणसं आहेत, याविषयी कोणालाही प्रश्न पडला नाही. ऑस्ट्रेलियाच्या केंद्राने सूत्रं हलवली, भारतीय नौदलाच्या विमानाने नौका हेरली, आणि तीन दिवसांनी फ्रान्सच्या 'ओसिरिस' या मासेमारी गस्तीच्या जहाजाने त्यांना उचललं.

टॉमी यांच्यापाशी होतं ते यंत्र आपल्या साध्या मच्छीमाराला परवडणारं नव्हतं. म्हणून इस्रोने देशी संच तयार केला. त्याला 'डॅट' म्हणतात आणि तो २०१० पासून वापरात आहे. मच्छीमाराने बटण दाबलं की उपग्रहामार्फत संदेश जातो. जुन्या संचात एक उणीव होती, संदेश पोचला की नाही हे बुडणाऱ्याला कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने दुसऱ्या पिढीचा संच जाहीर केला, त्यात किनाऱ्याकडून पोच येते. "तुमची हाक ऐकली आहे" हे कळल्यावर माणूस तराफा धरून आणखी काही तास तग धरतो, असं बचावकार्यातली माणसं सांगतात, आणि मला ते पटतं.

याची निकड २०१७ च्या ओखी वादळाने दाखवली होती. केरळ, तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार दूर समुद्रात असताना वादळ आलं. वाऱ्याने आणि लाटांनी त्यांतल्या काही नौकांना पार आपल्या सिंधुदुर्गापर्यंत आणलं. ६८ नौका आणि ९५२ माणसं देवगडला सुखरूप लागली. पण ती जिवंत आहेत हे तिकडच्या घरांना कळलं ते नौका बंदराला लागल्यावर. त्याआधीचे दिवस त्या घरांनी कसे काढले असतील! त्यानंतर नौकांवर ट्रान्सपाँडर, म्हणजे आपलं ठिकाण कळवत राहणारं यंत्र, बसवण्याच्या योजनेला जोर आला. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला एक लाख मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेले असे संच बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ झाला. खर्च सुमारे ३६० कोटी रुपये.

मच्छीमार या यंत्रांकडे थोडं साशंक नजरेनेच पाहतात, हेही सांगायला हवं. नोव्हेंबर २००८ मध्ये अतिरेकी 'कुबेर' हा मासेमारी ट्रॉलर बळकावून मुंबईवर चालून आले. तेव्हापासून समुद्रावरच्या प्रत्येक नावेची ओळख हा सुरक्षेचाही विषय झाला, आणि ओळखीच्या यंत्राला पहाऱ्याचा वास येऊ लागला. आपण नेमके कुठे जाळं टाकतो हे दुसऱ्याला कळेल ही भीती, हद्द ओलांडल्याचा दंड बसेल ही दुसरी. काहीजण म्हणून यंत्र बंद ठेवतात. भीती अगदीच खोटी नाही, पण यंत्र बंद ठेवलेली नाव वादळात सापडली तर तिला शोधणाऱ्यांच्या पडद्यावरही ती नसते.

बटण दाबल्यावर बोलायचं काय, तेही एकदा ऐकून ठेवा. क्रम ठरलेला आहे. "मेडे, मेडे, मेडे. ही नाव जयलक्ष्मी, जयलक्ष्मी, जयलक्ष्मी." मग नऊ आकडी क्रमांक. मग ठिकाण : "सतरा अंश शून्य मिनिटं उत्तर, बहात्तर अंश पंचावन्न मिनिटं पूर्व." हे आकडे नुसते डोक्यात राहत नाहीत, म्हणून जोडीला ढोबळ खूण : "रत्नागिरीच्या पश्चिमेला बावीस मैल." मग काय झालं, किती माणसं, कोणती मदत हवी. मराठीत सांगितलं तरी चालेल, आपल्या किनाऱ्यावर मराठी समजणारं कोणी ना कोणी ऐकत असतंच. ज्यांच्या घरचं माणूस वेळेवर परतलं नाही त्यांच्यासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे, तो साध्या फोनवरून लागतो.

नदी-तलावांवर यातलं काही नसतं. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून एकाच कुटुंबातले आणि नात्यातले ११ जण बुडाले. तिथे रेडिओची गरज नव्हती, काठ दिसत होता. तिथे हवी होती ती अंगावरची जाकिटं आणि नावेत किती माणसं बसवायची यावरचा आळा. अंतर्देशीय जलयानांसाठी २०२१ साली नवा केंद्रीय कायदा झाला आहे आणि त्यातही नोंदणी आहे. ती आपल्याकडच्या घाटांपर्यंत कधी पोचते ते पाहायचं.

कोकणात दर वर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नावा ओढून वर घेतलेल्या असतात, तळाला रंग लागतो, इंजिनं खोलली जातात, जाळी तुणली जातात. रेडिओचं दप्तर तपासायला हेच दोन महिने सोयीचे. संचात क्रमांक भरलेला आहे का, जीपीएसची तार गंजलेली तर नाही ना, डब्याच्या बॅटरीची मुदत कधी संपते, आणि गेल्या वर्षी अर्जात लिहिलेला घरचा नंबर अजून चालू आहे का. शेवटचं पाहायला तर किनाऱ्यावर जायचीही गरज नाही. त्या नंबरवर एक फोन लावायचा आणि कोण उचलतं ते बघायचं.